हातानं सरकवलेली बस

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण काल डमडम मेट्रोच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मायलेकी चक्क मराठीत भांडत होत्या. लेक इंजिनीअरिंगची, इंटर्नशिपच्या मुलाखतीला निघालेली.

"आई, हळू बोल."

"का? इथं कोणाला मराठी कळतंय? हॅकेथॉनमध्ये बक्षीस मिळालं, एवढंच सांग."

"आणि बस कुठं आली ते दाखवणारं आमचं ॲप ऐनवेळी बंद पडलं होतं, ते?"

"परीक्षकांना नकाशावर गार्डन रीचची बस दिसली ना?"

"दिसली. कारण आमच्या टीममधला सिद्धेश मागे लॅपटॉपवर बसून ती हातानं सरकवत होता."

"ते कशाला सांगायचं, आभा? सगळेच थोडं फुगवून सांगतात."

"मी नाही सांगणार. तेव्हा ते चाललं नव्हतं. नंतर महिनाभर खपून मी ते चालवलं. मी हेच सांगणार."

"आणि नाही घेतलं तर? या गावात आपली ओळख ना पाळख."

"नाही तर नाही. खोटं बोलून आत गेले, तर रोज ती बस मलाच सरकवत बसावी लागेल."

मी पुढे होऊन म्हटलं, "शाब्बास, पोरी." आई पांढरीफटक पडली. मग मीच आभाला मुलाखतीला घेऊन गेलो. तिचं ऐकून साहेबानं उठून तिला स्वतःची खुर्ची दिली, आणि मला...

"अहो," आमची पुष्पा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमचं कानाचं मशीन काल दिवसभर इथं फ्रिजवर होतं. त्याच्याशिवाय तुम्हाला दाराची बेलसुद्धा ऐकू येत नाही."