सहा पोती माणसं

सहादेव : न्हाई म्हनलं ना एकदा! मी पाना मारनार न्हाई.

अंगद : मिस्त्री, अहो चाकं बसलीत. चारही बसलीत, डोळ्यांसमोर आहेत. आता फक्त नट आवळायचे राहिलेत आणि तुम्ही अडून बसलाय.

सहादेव : भोकाला भोक लागलं म्हंजी चाक बसलं व्हय? केडगावात तीस वर्सं हेच करतोय मी.

अंगद : हे बघा. टायर आणि वरचा पत्रा, मधे बोटं घातली. एक, दोन, तीन. तीन बोटं जागा आहे. आणखी काय पाहिजे?

सहादेव : गाडीत कोन बसलंय?

अंगद : आत्ता? कुणी नाही.

सहादेव : मंग तीन बोटं जानारच की. ओ ताई, तुमी उन्हात नका उभ्या ऱ्हाऊ. ती खुर्ची घ्या सावलीत. कितवा लागला?

सुकन्या : सातवा, मामा. उद्या ओटभरणाला माहेरी चाललोय. अकोल्याच्या पुढं, भंडारदऱ्याच्या अंगाला. मग बाळंतपण होईस्तोवर तिकडंच.

सहादेव : म्हंजी पार डोंगरात. आन् ह्या चाकांवर?

अंगद : चाकांना काय झालंय? अलॉय आहेत, सोळा इंची. पुण्यातनं आणलीत.

सहादेव : चाक चांगलं हाय. तुमच्या गाडीचं न्हाई. कंपनीचं हुतं चौदाचं, अरुंद. हे सोळाचं, वरनं रुंद. आन् ऑफसेट दुसऱ्याच गाडीचा.

सुकन्या : ऑफसेट म्हंजे?

सहादेव : चाक किती आत बसायचं आन् किती भाईर, त्याचं माप. हे पावनेदोन इंच भाईर आलंय बघा. स्प्रिंग मातर कंपनीचीच हाय, मऊ. मानसं बसली की गाडी दबती आन् पत्र्याची कड टायरवर उतरती. वळनावर तर टायर सोलूनच निघायचं.

अंगद : मग स्प्रिंगमधे रबर घाला. गाडी वर येईल.

सहादेव : येईल की. आन् दगडावानी कडक बी हुईल. हिला ह्या दिवसांत दीडशे किलोमीटर आदळत नेनार का?

अंगद : मग पत्र्याची कड कापा!

सहादेव : कापलेल्या पत्र्याला धार न्हाई येत?

अंगद : तुम्हाला करायचंच नाही काही. नगरमधे काय दुकानांचा दुष्काळ नाही पडलेला.

सुकन्या : अहो, आवाज कमी करा. लोक बघायला लागले.

अंगद : बघू देत.

सहादेव : जावा की दुसरीकडं, मी काय दोरी बांधलीय का? पन जान्याआधी माझी मानसं बसवून बघू. उद्या गाडीत किती जन?

अंगद : चौघं.

सहादेव : मंग चार पोती. त्या भिंतीला हायेत बघा, साठ-साठ किलोची. वाळू हाय आत.

सुकन्या : ही तुमची माणसं, मामा?

सहादेव : ह्येच. सात वर्सं झाली. एकाला असंच मोकळ्या गाडीवर माप घिऊन चाकं बसवून दिली हुती. त्यो सगळ्यांला घिऊन कोतूळच्या घाटात गेला आन् टायर फाटलं. जिवानिशी वाचली सगळी, पन त्याच्या आईचा हात खांद्यातनं गेला. चार म्हैन्यांनी ती म्हातारी हितं आली. मला वाटलं आता शिव्या घालील. तर मलाच म्हनली, 'बाबा, आमी बसल्यावर माप घ्यायचं हुतंस ना रे.' त्या दिवसापास्नं पोती बसवल्याबिगर मी चाक सोडत न्हाई. धरा, पाव्हनं, एका अंगानं धरा.

अंगद : च्यायला, लई जड आहे.

सहादेव : मानूस हाय त्यो. पुढं दोन, मागं दोन. हां. आता घाला बोटं.

अंगद : एक. जातंय! एक बोट जातंय, मिस्त्री. लागत नाही. बघ सुकन्या, लागत नाही. मारा पाना.

सुकन्या : चौघं कोण कोण धरलीत तुम्ही?

अंगद : तू, मी, आई, आण्णा.

सुकन्या : आणि तुमच्या आत्याबाई?

अंगद : त्यांचं नक्की नाही.

सुकन्या : कालच त्यांनी बॅग भरून ठेवलीय. आपल्याच ओसरीवर. ओटी त्याच भरणार आहेत ना माझी.

अंगद : बरं, पाच. पाचांनी काय आभाळ कोसळतंय?

सुकन्या : आणि लाडवांचे डबे, साड्यांचं बोचकं, फळांच्या पाट्या. माझं चार महिन्यांचं सामान. आईंनी तर पाटा-वरवंटासुद्धा काढलाय तिकडच्या बाळंतपणाच्या बाईला द्यायला.

अंगद : तुला आत्ताच हा सगळा पाढा वाचायचा होता का?

सुकन्या : मामांनी विचारलं म्हणून सांगितलं.

सहादेव : पाच मानसं आन् सामानाचं एक, सहा पोती झाली. चढवा ती दोन. चाचनीपुरते नट आवळतो, पन गाडी मीच चालवनार.

(सहाही पोती चढली. सहादेवानं टायरच्या कडेला ओला गेरू फासला, स्टेअरिंग पार एका अंगाला वळवलं आणि गाडी दुकानापुढच्या गतिरोधकावरून दोनदा नेली. गाडी परत येईपर्यंत अंगद खुर्चीच्या मागं उभा राहिला आणि सुकन्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.)

सहादेव : या, दोगं बी या. ताई, तुमी वाकू नका, हितनं दिसतंय. पत्र्याच्या कडंला लाल पट्टा उमटलाय का?

सुकन्या : उमटलाय. चांगला वीतभर.

सहादेव : ही दुकानापुढची सपाट सडक हाय. घाटात काय हुईल ते तुमीच सांगा, पाव्हनं.

अंगद : हळू चालवीन मी.

सहादेव : आन् एक सांगा. ही चाकं आज पयल्यांदाच लावली म्हनला ना तुमी?

अंगद : हो. का?

सहादेव : नव्या टायरला रबराचे बारीक केस असत्यात. ह्याचे भाईरच्या कडंचे झडल्यात. आन् माझ्या गेरूच्या खाली पत्र्याला काळं लागलंय, ते काय माझं न्हाई.

सुकन्या : अहो?

अंगद : धूळ असेल ती.

सुकन्या : काल पुण्याहून यायला दहा वाजले. सुप्यात गाड्या तुंबल्या होत्या म्हणालात.

अंगद : सुप्याजवळ आवाज यायला लागला. कर्र कर्र करून. गाडीत आम्ही तिघंच होतो, मी आणि दोन मित्र. रस्त्याच्या कडेला थांबून जुनी चाकं परत लावली.

सुकन्या : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

अंगद : वाटलं, मिस्त्री करतील काहीतरी.

सुकन्या : माहीत होतं, आणि उद्या मला त्यातच बसवणार होतात. मला राहू द्या, पोटातल्या ह्याला बसवणार होतात?

अंगद : मग काय करू मी? पाडव्याला तुझ्या भावानं सगळ्यांसमोर टायरला लाथ मारली. 'दाजी, गाडी आणलीत का पत्र्याचा डबा?' सगळा ओटा हसला. तूसुद्धा खाली मान घालून बसलीस. उद्या तेच सगळे जमणार. तुला चार महिने तिथं सोडून येणार मी. ज्या घरात माझी ही किंमत, तिथं तुला सोडताना गाडी तरी नीट दिसावी, एवढंच वाटलं मला. चुकलं का?

सुकन्या : मी मान खाली घातली कारण रडू येत होतं. त्या रात्री अंगणात मी कल्याणदादाला काय काय बोलले, ते माझ्या आईला विचारा. तीन महिने मी त्याचा फोन उचलला नाही. शेवटी आण्णांना फोन करून माफी मागितली त्यानं.

अंगद : आण्णांना? मला कुणी काही बोललं नाही.

सुकन्या : तुम्हीच म्हणाला होतात, त्या घराचा विषय काढू नको. नाही काढला. आता ऐका. उद्या ही चाकं राहिली तर मी एसटीनं जाते. आत्याबाईंना घेऊन. तुम्ही चमकवत या मागनं.

अंगद : सुकू...

सुकन्या : थट्टा नाही करत मी.

सहादेव : ताई, पानी घ्या. माठातलं हाय, गार हाय.

अंगद : मिस्त्री.

सहादेव : बोला.

अंगद : जुनी चाकं काढून बाजूला ठेवलीत ना? तीच चढवा.

सहादेव : चढवतो. एका चाकाला टोपी न्हाई बरं का. माझ्याकडं बी तसली न्हाई.

अंगद : राहू द्या तशीच.

सुकन्या : मी डाव्या अंगाला बसते. टोपी नाही त्याच बाजूला. उतरताना सगळे माझ्याकडंच बघतील, चाकाकडं कोण बघतंय?

अंगद : लाथ मारली तर मारू दे त्याला.

सुकन्या : मारून तर बघू दे.

सहादेव : आन् हे बगा, पाव्हनं, हौस हाय तर हौस करा. पंधराचं चाक घ्या, सहाची रुंदी, ऑफसेट कंपनीच्या जवळचा. स्प्रिंगला हात लावावा लागनार न्हाई, पत्र्याला लागायचं न्हाई. आन् दिसायला बी देखनं. सोमवारपतूर मागवतो.

अंगद : सोमवारची घाई नाही आता. बारसं झाल्यावर हिला आणायला जायचंय, तेव्हा बसवू. पण गेरू लावून बघायचं.

सहादेव : त्याबिगर सोडतोय व्हय मी? तवा किती पोती घालायची, ते आत्ताच सांगून ठिवा. मागनं एकेक वाढवू नका.

अंगद : तेवढीच. सहा. आणि एक बारकं.

सहादेव : बारकं? किती किलोचं?

अंगद : ते... सुकन्या, किती गं?

सुकन्या : चारएक किलो धरा, मामा.