मुरतं

लक्ष्मीबाई नगरच्या बसथांब्यावर माझ्यामागे मायलेकी उभ्या होत्या. लेकीचा भूगोलाचा पेपर होता.

"आई, पावसाचं पाणी चुनखडीत जातं. मग?"

"मुरतं."

"मुडतं? म्हणजे परत फिरतं?"

"अगं, ते हिंदीतलं मुडना. हे मुरतं, आत आत जिरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आंबट झालेलं असतं ना, म्हणून दगड विरघळतो. आधी भेगा, मग गुहा."

"आणि समुद्राजवळ?"

"खाली समुद्राचं खारं पाणी. गोडं हलकं, ते वर तरंगतं. सौराष्ट्रात आपल्या क्वार्टरमागे विहीर होती, आठवते?"

"बाबा बादलीनं माझ्या डोक्यावर ओतायचे, ती?"

"तीच. समुद्र एवढा जवळ, तरी गोड होती."

"होती म्हणजे?"

"खारी झाली, बाबा म्हणाले फोनवर. फार उपसलं की खालचं खारं वर येतं."

"मग बाबा तिथे एकटे काय पितात?"

"टँकर येतो."

"यार आई, बाबा कधी मुडणार?"

"मराठीत परतणार म्हणतात, बाळा."

"अच्छा. कधी परतणार?"

"बस आली बघ. बॉटल घेतलीस ना?"