कोनत्या अंगाला पडायचं

माजं माहेर युसूफ वडगाव आन सासर हे सिरसाळा, आमी लिंगायत वाणी, माहेरी बी किराणा दुकान आन सासरी बी, म्हंजी तराजूच्या ह्या पारड्यातून त्या पारड्यात पडले, तेवडंच. आता पडायचंच सांगते तुमाला, कारन पडायला माज्यासारकं ह्या पेठंत कुनालाच येत नव्हतं.

काय सांगू तुमाला, आमच्या मालकाचा हात लई चालायचा. चहा गार झाला, मार. गिऱ्हाईकाशी हसले, मार. न्हाई हसले, तरी मार. सकाळी कपाळाला भस्म लावून, डाव्या तळव्यावर लिंग घेऊन अर्धा तास पूजा, आन पूजा झाली की उजवा हात मोकळा. डावा हात त्येनी जन्मात माज्यावर उचलला न्हाई, का तर त्या हातावर देव बसतो. मानूस धर्माचं लई पाळायचा, खोटं कावून बोलू.

तवा दुकानात टीव्ही व्हता. दुपारच्याला एका परदेशी बाईची मालिका लागायची, जुनी, बिनरंगाची, पर बोलनं हिंदीत. ती बाई लई खोडीची, नवऱ्याच्या चोरून कायबाय करायला जायची आन मग आदळायची, आपटायची, पिठाच्या पिंपात पडायची, डोळे असे मोठे करायची, आन लोकं हसायची. माजी गौरी तवा चार वर्साची, ती तर हसून हसून लोळायची. मी बगून बगून शिकले. ती बाई पडताना अंग ताठ करायची न्हाई, सैल सोडायची, खांद्यावर यायची, डोक्यावर न्हाई. मालकाचा हात उजवाच, म्हंजी माज्या डाव्या गालावर बसनार आन मी उजवीकडं जानार, मग गल्ल्यापाशी जितं मी हुबी राहायचे तितं उजव्या अंगाला रिकाम्या पोत्यांची गड्डी रचून ठिवली.

त्येनी हानलं की मी गिरकी घ्यायचे, धपकन पोत्यावर, आन त्या बाईवानी डोळे मोठे करून गौरीकडं बगायचे. लेकरू भिऊ नई म्हनून वो. आन ती हसायची, टाळ्या वाजवायची. तोंडात रगत असायचं, ते गिळून मी बी हसायचे. एकदा दात पडला तर त्येची जादू करून दावली तिला. मला वाटायचं किती हुशार मी, लेकराला मार दिसूच दिला न्हाई. तीच माजी चूक.

गौरीला केजला दिलं. पैल्या पंचमीला आली तर वरचा ओठ फाटलेला, कानामागं काळंनिळं. मी इचारलं काय गं हे, तर तिनं डोळे मोठे केले. तसेच, माज्यासारके. म्हनली पडले माय. मग सनाची पुरनाची दिंडं लाटता लाटता म्हनली, माय, तुजं पडनं माज्या कामाला येईना, ह्यो दोन्ही हातानं मारतो, कोनत्या अंगाला पडायचं तेच कळंना. आन हसली. माज्या हातातलं लाटनं गळालं. लेकीला मी निस्तं पडायचं शिकिवलं व्हतं.

चौथ्या दिवशी जावाई न्यायला आला, दुकानात हुबा. मी म्हनलं, गौरी येनार न्हाई. मालक म्हनले, तुला कुनी इचारलं, तिची पिशवी भर. मी म्हनलं, न्हाई. उजवा हात आला. गाल फुटला, पर मी पडले न्हाई, पाय रोवून हुबी राहिले. मालक पोत्याकडं बगाय लागले, मी तितं कशी न्हाई म्हनून. परत हात उचलला, तो खाली यायच्या आत मी दोन किलोचं वजन उचललं आन त्येंच्या मनगटावर घातलं. हाड वाजलं, वाळल्या चिपाडावानी. जावाई पुढं आला तर त्येच्या तोंडावर घातलं, समोरचे दोन दात साखरंच्या पोत्यात. कुनी हसलं न्हाई. गौरी दारात हुबी राहून वरडत व्हती, जन्मात पैल्यांदा.

आता गौरी इथंच हाय, दुकान तीच बगती. परवा तिनं मोबाइलवर ती बाई शोधून दिली, अजून तशीच पडती. हसू आलं मला, तिचा काय दोष. मालकाचं मनगट वाकडंच बसलं, पूजंला लिंग डाव्या तळव्यावर घेत्यात पर उजव्यानं पानी घालता येत न्हाई, ते मी घालते, रोज. बरं वाटतं का, ते इचारू नगा. कपिलधारच्या यात्रंला गेले की एवडंच मागते, देवा सगळ्यांना सुखात ठिव, मालकाला बी. पोत्यांची गड्डी तवाच इकून टाकली. तितं गौरीनं खुर्ची ठिवली हाय, मला बसायला.