'हालेलू'च्या पुढची दोन अक्षरं

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपले व्यवस्थापक साहेब, प्रमुख पाहुण्या मालकीणबाई, व्यासपीठावरची इतर थोर मंडळी, आणि ज्यांच्या हाताला खरोखर शाई लागते अशा माझ्या सहकाऱ्यांनो,

एकतीस वर्षं या छापखान्यात मुद्रितं तपासून आज मी निवृत्त होते आहे. माझ्याआधी सहा वक्ते बोलले. निरोप माझा आणि कौतुक साहेबांचं! चालायचंच. साहेब समोर असले की लोकांच्या तोंडून दुसरं निघतं कुठे? शेवटचे वक्ते तर दोन्ही हात वर करून म्हणाले, "हालेलूयाह, साहेब!" तेव्हा त्या शब्दाबद्दलच थोडं बोलते. मुद्रितशोधकाची खोड, दुसरं काय!

शब्द हिब्रू, जुन्या स्तोत्रांतला. 'हालेलू' म्हणजे 'स्तुती करा'. एकट्यादुकट्याला नव्हे, जमलेल्या सगळ्यांना सांगितलेलं. आणि 'याह' हे देवाच्या नावाचं छोटं रूप. लोकहो, देवाची स्तुती करा, एवढाच अर्थ. त्यात साहेबांना कुठे कोंबायचं, ते व्याकरणाला माहीत नाही.

अकरा वर्षांपूर्वी एक स्तोत्रांचं पुस्तक छापायला आलं. मुखपृष्ठावर हा शब्द मोठ्या टाइपात बसेना. साहेब म्हणाले, "बाई, ते मागचं शेपूट उडवा की. कोण बघतंय?"

मी म्हटलं, "साहेब, ते शेपूट नाही. देवाचं नाव आहे."

साहेब हसले, लाल पेनाने 'याह' खोडलं आणि खाली झोकात सही ठोकली. देव काढला, हुकूम तेवढा ठेवला! साहेबांच्या कारभाराचं इतकं नेमकं वर्णन मला एकतीस वर्षांत जमलं नाही.

चिठ्ठी आली आहे. "क्रुपया आवरते घ्या." साहेब, 'कृपया'. आवरतेच आहे.

तीन हजार पुस्तकं परत आली. मालकीणबाई, तुम्ही विचारलंत, चूक कोणाची? आणि आपले हे शूर साहेब म्हणाले, "जुळाऱ्याने अक्षरं गाळली." खिळे जुळवणारे आपले काका, चोवीस वर्षांत ज्यांच्या हातून एक मात्रा निसटली नाही, त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. 'आंधळा जुळारी' असं नाव पडलं. मग कुठल्याच छापखान्याने त्यांना दारात उभं केलं नाही.

आणि मी? सहीचं ते मुद्रित माझ्या खणात होतं. नोकरी जाईल म्हणून मूग गिळून बसले. साहेबांची मला किळस येते, पण स्वतःची त्याहून जास्त येते.

काका आज शेवटच्या रांगेत बसले आहेत. येत नव्हते. "कशाला, पोरी, पुन्हा त्या दारात?" म्हणाले. मीच ओढून आणलं. मालकीणबाई, हे घ्या ते मुद्रित. सही कोणाची ते तुम्हीच मोठ्याने सांगा. साहेब, उठताय कुठे? कार्यक्रम संपेपर्यंत अध्यक्षांनी बसायचं असतं.

आपण सगळे माझ्यासाठी वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर आपण मोठ्या मनाने पोटात घाला. काका, तुमच्याकडे मात्र बोलण्यातल्या चुकीची नाही, अकरा वर्षं न बोलल्याची क्षमा मागते.