घोंगडीखालची कुत्री

"शिवलिंगआप्पानं जिंतूरच्या आडत्याच्या परसातून, भरदुपारी, घोंगडीखाली लपवून..." गिरणीत एवढंच कानावर पडलं आणि मला बघून दोघी गप झाल्या. आता तुम्हीच सांगा, अर्ध्या बातमीवर घास उतरंल का?

आप्पा आमचे बोरीतले शेजारी. कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळायचे. पिल्लू मागायला कुणी आलं की दुपारी घरी कोण असतं, पाणी कोण पाजतं, समदं विचारायचे. असा माणूस चोरी करंल? पण त्यांचं मागचं दार परवापासून बंद होतं. मी विरजण मागायचं निमित्त काढून आत गेले, तर कडब्याजवळची घोंगडी हलायली होती.

"आप्पा, हे काय हाय?"

"वैनी, हळू बोला. आपलीच मादी हाय. दिवाळीला त्या आडत्याला दिली होती."

"दिलेली परत आणायची? तीबी न विचारता?"

"आजून वर्साची न्हाई ती. अन् तो तिची सख्ख्या भावासंगं जोडी लावायलाय. पिल्लं लुळी निघतील, हीबी मरंल. लय समजावलं, ऐकंना."

म्हणजे चोरी खरीच होती. तिचं कारण तेवढं गिरणीपर्यंत पोचलं नव्हतं.

संध्याकाळी आडत्या थेट माझ्या ओट्याशी आला. "बाई, या गल्लीतलं तुमाला समदं ठाऊक असतं म्हणे. माझी कुत्री आप्पाकडं हाय का?"

मी पदर सावरला. "काय की बाबा. मी कुणाच्या घरात डोकावत न्हाई."

समोरच्या गंगाबाईला असा ठसका लागला, की मलाच उठून पाणी द्यावं लागलं.