पहिली चव

दवाखान्याच्या बाकावर सुमित्रा लेकीला घेऊन बसली होती. तिच्या शेजारी बसलेली धोंडुबाई ओळखीच्या आक्काशी बोलू लागली.

"कॉलेजातल्या संशोधनवाल्या बाईंसाठी मी गल्लीत फिरते बघा. पोरांनी पहिली दारू कवा चाखली, ते आयास्नी इचारायचं."

"खरं सांगतंय व्हय कोण?"

"बाईंना न्हाय सांगत. मला सांगत्यात. मी आदी माझं सांगते की. माझ्या गुंडूला मीच चाखवली."

"तू गं?"

"जत्रंच्या मटणासंगं, घोटभर. सर्दी जाईल म्हणून. आठ वर्साचा हुता. आता सतराचा हाय, रोज लागती."

"लाज न्हाय वाटत सांगाय?"

"वाटती की. पर त्यानंच चौदा बायका बोलत्या झाल्या."

सुमित्रा चुळबुळली. सहा वर्षांच्या कालिंदीला तिनं पदराखाली ओढलं.

"आई, मामानं गलासात बोट बुडवून मला चाटवलं हुतं. मग मला बी रोज लागंल?"