विट्याच्या अलीकडं थांबवलेली गाडी

चूक माझी हाय, ती आधी सांगतो. न्हाईतर माणूस आपल्या गरिबीपासून सुरुवात करतो आणि चुकीपर्यंत येता येता ऐकणाऱ्याला त्याचीच कीव यायला लागते. मी माझ्या बायकोला मारायचो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासनं.

आमी वडूजकडचे. कोरडवाहू रान, बाप कडक, मिसरूड फुटलं तसा फौजेत गेलो, हवालदार होऊन आलो. रंजना आष्ट्याची. काय सांगू तुमाला, भाजीत मीठ जास्त, माहेरचा फोन लांबला, काय बी कारण पुरायचं. एकदा तिचं मनगट मोडलं, डॉक्टरला सांगितलं गोठ्यात पाय घसरला. आईनं मला औंधाला नेऊन यमाईपुढं शपथ घ्यायला लावली. देवी डोंगरावर राहिली, मी घरी आलो.

मग रंजनाच्या भावानं सांगलीच्या एका समुपदेशक बाईंचं नाव काढलं. दाजी, दोघं जावा, बोलून बघा. बुलेटवर तिला मागं बसवून गेलो. मॅडमनी आधी मलाच फोनवर विचारलं व्हतं, घरात मारहाण हाय का? मी म्हणलं, छे वो, भांड्याला भांडं लागतं तेवढं. म्हणून त्यांनी आमाला एकत्र बसवलं. ते माझं खोटं.

खोलीत रंजनानं सगळं सांगितलं. मनगटाचं बी सांगितलं. मी मान खाली घालून व्हय व्हय म्हणत व्हतो, डोळ्यांत पाणी बी आणलं. तिला वाटलं, आता बोलायला हरकत न्हाई. परत निघालो, तासगाव मागं पडलं आणि विट्याच्या अलीकडं मी गाडी थांबवली. म्हणलं, उतर. परक्या बाईपुढं माझी अब्रू काढलीस? आणि हातातलं हेल्मेट तिच्या खांद्यात घातलं. ती रडली न्हाई वो. रस्ता ओलांडला, समोरनं आलेल्या सांगलीच्या एसटीला हात केला आणि आष्ट्याला गेली, ती गेलीच.

आमच्यात रीत हाय, नारळ, लुगडं आणि चार मोठी माणसं घेऊन जायचं, की बायको परत येती. मी बी गेलो. माणसं म्हणाली, पोरी, संसार हाय, चालायचंच. ती आतनं बाहेर आलीच न्हाई. भाऊ मला अंगणात नेऊन म्हणाला, दाजी, तुमच्या गाडीचा आवाज आला की ताईच्या हातातनं परात पडती. दूधवाल्याची बी बुलेट हाय, तर त्याला मी वेशीतच उतरून चालत यायला सांगितलंय. माझ्या बुलेटच्या त्याच आवाजाची मला लय ऐट व्हती.

त्यानंतर रंजनाकडनं सगळं कळल्यावर मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाल्या, तुमी खोटं बोललात, पण मी तिला आधी एकटीला विचारायला पायजे व्हतं, ते चुकलं. आता तिचे उपचार वेगळे, तुमचे वेगळे. तिथं ती काय बोलती ते तुमी विचारायचं न्हाई. एकत्र बसणं तिच्या मनात आलं तर, न्हाईतर कधीच न्हाई. मी चिडलो, म्हणलं मग मी यायचंच कशाला, बायको मिळणार नसंल तर? त्या म्हणाल्या, फौजेत साहेबाचा राग यायचा का? म्हणलं, लय यायचा. मग हात उचलला? म्हणलं, असं कसं, कोर्टमार्शल झालं असतं. त्यांनी पुढच्या खेपेची तारीख लिहून दिली. घरी येईपर्यंत मला कळलं, हात माझ्या ताब्यातच व्हता. सगळा वेळ ताब्यातच व्हता.

लय दिवस जात राहिलो. आता ह्या उन्हाळ्यात रंजनाचा निरोप आला, एकदा बसते, दाराजवळची खुर्ची माझी, निघायचं मी आधी. मी मॅडमकडं पोचलो तवा ती बसलेलीच व्हती. वाळलीय. माझ्याकडं न बघता म्हणाली, गाडी कुठं लावलीया? म्हणलं, एसटीनं आलोय. तेवढ्यावर तिनं पदराची मूठ सोडली. मग म्हणाली, बोला.

मी म्हणलं, रंजना, तू गोठ्यात पडली न्हाईस, मनगट मी मोडलं. ह्याच खोलीत तू खरं बोललीस आणि विट्याच्या अलीकडं मी त्याची शिक्षा तुला दिली. मला राग आवरायचा न्हाई हे खोटं व्हतं. तुझं काय चुकलं नव्हतं. मी तुला न्यायला आलो न्हाई, माफी दे म्हणायला बी न्हाई. तू निघ, आष्ट्याची गाडी गेली की मगच मी उठंन.